मुंबईकडची स्वस्त गाडी की नागपूरची उन्हानं करपलेली? जुनी कार घेताना गंज आणि भाव

जुनी गाडी शोधणाऱ्या नागपूरकरापुढे आठवड्याभरात हा पेच येतोच. एक गाडी एमएच 04 नाहीतर एमएच 43 पासिंगची, म्हणजे ठाणे-नवी मुंबईकडची असते. 45-50 हजार किलोमीटर चाललेली, रंग चकचकीत, आणि इथल्या भावापेक्षा 40-50 हजारांनी स्वस्त. दुसरी आपली एमएच 31 किंवा 49. ती 80 हजारांवर चाललेली, टपाचा रंग उडालेला, डॅशबोर्ड तडकलेला, आणि मालक भाव सोडत नाही. आता समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून तिकडची गाडी एका दिवसात चालवत आणता येते, त्यामुळे हा मोह आणखी वाढलाय.

मी दोन्ही वापरल्या. 2020 मध्ये नवी मुंबईहून एक आणली, ती चार वर्षं चालवली. 2024 मध्ये ती विकून मानेवाड्यातल्या एका काकांची, नागपुरातच वाढलेली गाडी घेतली. दोन्ही पेट्रोलवरच्या छोट्या हॅचबॅक, आणि घेताना दोन्ही सात वर्षांच्या आसपास. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण माझा असा आहे.

आधी गंजाबद्दल. ज्याच्या घरी लोखंडी कूलर आहे त्याला गंज वेगळा समजावून सांगायची गरज नाही. कूलरची टाकी मधोमध सडत नाही, खालच्या दुमडीत सडते, जिथं पत्रा पत्र्यावर वळवून दाबलेला असतो. पाणी तिथं शिरतं आणि वाळत नाही. कारचं दार तसंच बनतं: बाहेरचा पत्रा खालून आतल्या पत्र्यावर दुमडलेला. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं मातीनं बुजली की पाणी दुमडीत मुक्काम करतं. म्हणून दार उघडा, खाली वाका आणि खालच्या काठावरून आतल्या बाजूनं बोट फिरवा. रंगाखाली फोड लागला, तर गंज आतून बाहेर आलाय असं समजा. बाहेर तांदळाएवढा दिसला तरी आत बोटभर असतो.

दुसरी गोष्टही कूलरच सांगतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तो गारवा देतो, कारण हवा कोरडी असते. मुंबईत त्याचा उपयोग होत नाही. तिथं हवेत ओल कायमची, आणि वर समुद्राचं मीठ. मीठ ओल धरून ठेवतं आणि खारट ओलीत लोखंड भराभर गंजतं. नागपूरला पाऊस कमी नाही, पण दिवाळीनंतर गाडी पार कोरडी होते आणि जूनपर्यंत कोरडीच राहते.

दारांनंतर डिकी. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, बॅटरीच्या ट्रेखाली बघा, पुढच्या सीटचं पायदान उचलून गालिचा दाबा. मग दारांखालचा लांब पोकळ पत्रा, ज्याला आपण रनिंग बोर्ड म्हणतो. जॅक लावायची जागा तिथंच असते आणि सडकी गाडी तिथंच दबलेली दिसते. फडक्यात गुंडाळलेलं साधं चुंबक पत्र्यावरून फिरवा. एका जागी पकड एकदम ढिली पडली, तर खाली पुट्टी आहे. (बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं चुंबक फिरवण्यात अर्थ नाही.) गाडीच्या पोटाला ताजा काळा कोट मारलेला असेल तर मी दोनदा विचार करतो. मार्चमध्ये कूलरच्या गळक्या टाकीला आपण डांबर फासतो, तसाच तो प्रकार असू शकतो. सायलेन्सरवरचा तपकिरी थर किंवा रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवरचा लालसर गंज मात्र मनावर घेऊ नका. डिस्क दोन ब्रेक मारल्यावर साफ होते.

खरं सांगायचं तर माझ्या नवी मुंबईच्या गाडीची बॉडी या सगळ्यात पास झाली होती. एका दाराला छोटा फोड होता, एवढंच. मला सतावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं, आणि 2024 मध्ये निर्णय त्यावरच झाला: नट-बोल्ट.

2021 च्या पावसाळ्यानंतर पुढून खडखड येऊ लागली. चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, म्हणजे लोअर आर्मचे, रबरी बुश गेले होते. हिंगणा रोडवरच्या माझ्या नेहमीच्या गॅरेजवाल्यानं तासाभराचं काम सांगितलं. गाडी वर घेतली आणि बोल्टला पाना लावला, तर बोल्ट हलेना. बुशच्या आतल्या लोखंडी नळीत तो गंजून एकजीव झाला होता. स्प्रे मारून अर्धा तास वाट पाहिली, ठोकला, पान्यावर लांब पाइप चढवून दोघांनी जोर लावला. त्या जोरानं बोल्टचे कोपरे झिजून गोल झाले. मग गॅस लावला. जळत्या रबराचा वास दुकानभर पसरला, बोल्ट लाल झाला, तरी जागचा हलला नाही. शेवटी कटरनं कापला. 700 रुपयांच्या बुशऐवजी आख्खा आर्म, नवे बोल्ट आणि दिवसभराची मजुरी मिळून बिल 4,200.

महिन्याभरानं अलाइनमेंटला, म्हणजे चाकं सरळ करून घ्यायला गेलो. मशीनवर पुढच्या एका चाकाचे आकडे लाल. चाक सरळ करायचं तर स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, म्हणजे टायरॉडचा, चेकनट आधी ढिला करावा लागतो. दुकानातल्या मुलानं खाली उतरून त्या चेकनटला पाना लावला, दोनदा जोर दिला आणि वर येऊन म्हणाला, "भाऊ, हे गाडी समुद्राकडची होय का? चेकनट जाम आहे. टायरॉड बदलवून आणा, मंग करून देतो." मी ते लांबणीवर टाकलं आणि वर्ष संपायच्या आत पुढचे दोन टायर आतल्या कडेनं गुळगुळीत झाले. पुढच्या वर्षी ब्रेक ऑइल बदलताना मागच्या चाकाची, जुनं ऑइल काढायची निप्पल तुटली. त्यामुळे 400 रुपयांच्या कामासाठी व्हील सिलिंडर नवा बसवावा लागला.

पैसे गेले ते गेले, पण त्याहून जास्त त्रास एका वाक्याचा झाला: "खोलल्यावर सांगतो." कुठल्याही कामाचा आकडा आधी मिळेना. सकाळी गाडी टाकताना संध्याकाळी मिळेल की परवा, याचा भरवसा नसायचा. मुलांना शाळेतून आणायचं, आईला दवाखान्यात न्यायचं, आणि गाडी एका नटापायी लिफ्टवर लटकलेली. चार वर्षांची बिलं मी जपून ठेवली आहेत. गंजलेला नट सुटत नव्हता म्हणून झालेला जास्तीचा खर्च मी वेगळा काढला, तो 31 हजारांच्या आसपास भरला. घेताना वाचवले होते 45 हजार. उरलेले विकताना गेले, कारण इथल्या गिऱ्हाइकानं नंबर प्लेट बघूनच बोली खाली सुरू केली.

म्हणून आता कोणी जुनी गाडी बघायला सोबत नेलं, तर मी एकच आग्रह धरतो. सौद्याआधी मालकासकट गाडी अलाइनमेंटच्या दुकानात न्या, पैसे आपण भरा आणि दोन्ही बाजूंचे चेकनट ढिले करून बघायला सांगा. नट सुटतो की नाही, बोल्टचे सहा कोपरे शाबूत आहेत की गंजून पापुद्रे सुटलेत, हे पाच मिनिटांत कळतं. ओडोमीटरपेक्षा माझा या परीक्षेवर जास्त विश्वास आहे.

नागपूरच्या गाडीचे दोष झाकायचे नाहीत. ऊन तिला खातं. माझ्या गाडीच्या टपाची आणि बॉनेटची लॅकर साल निघाल्यासारखी सुटली होती, त्याच्या पेंटिंगला 11 हजार गेले. दारांची रबरं कडक होऊन वाऱ्याचा आवाज आत यायचा, ती बदलली. टायरची नक्षी छान होती, पण बाजूला बारीक चिरा होत्या आणि वरचा आकडा 1719, म्हणजे 2019 च्या सतराव्या आठवड्यात बनलेले. बॅटरी पहिल्याच मेमध्ये गेली. एसीचा कंडेन्सर बदलला. पण या सगळ्याचा आकडा मला खोलण्याआधी माहीत होता, आणि बरंचसं सौद्याच्या दिवशीच दिसत होतं.

इथलं पासिंग म्हणजे डोळे मिटून घ्या, असंही नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या भागातली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात पिठासारखा गाळ, ही दुसरी खूण. विम्याचा क्लेम झाला होता का, तेही विचारा. बुडालेली गाडी आणि किनाऱ्याची गाडी यांत निवड करायची असेल, तर मी किनाऱ्याचीच घेईन.

आता भाव. 2024 मध्ये माझ्यापुढे ठाण्याची गाडी 48 हजार किलोमीटरची, 3 लाख 35 हजारांना होती. काकांची 82 हजार चाललेली, आणि मागणी 3 लाख 90 हजार. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या नागपुरातल्या दहाएक गाड्यांचे भाव मी वहीत लिहिले होते. टायरचे 16 हजार आणि रंगाचे 11 हजार मी त्यांच्यासमोर मांडले, चहा झाला, आणि 3 लाख 62 हजारांवर सौदा ठरला. ठाण्याच्या गाडीशी अंतर उरलं 27 हजारांचं, म्हणजे माझ्या जुन्या बिलांमधल्या नट-बोल्टच्या आकड्याहूनही कमी.

गंजाचे पैसे कापताना मी एक फरक करतो. दार, बॉनेट, फेंडर हे बोल्टवर निघणारे भाग. ते गंजले असतील तर भाग आणि रंग यांचा खर्च काढून तेवढे कमी करायला सांगावं. रनिंग बोर्ड, तळाचा पत्रा, शॉकअपची वरची बैठक किंवा चेसिसचे लांब पाय गंजले असतील, तर 50 हजार कमी केले तरी मी घेत नाही. वेल्डिंग करून पत्रा जोडता येतो, पण धडकेत तो किती झेलेल हे कोणी लिहून देत नाही.

विम्याच्या कागदावरच्या आयडीव्हीला, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीला, भाव मानू नका. त्याचा ठरलेला तक्ता पाच वर्षांपर्यंतच चालतो, तिथं घसारा 50 टक्के होतो. पुढे कंपनी आणि ग्राहक मिळून आकडा ठरवतात. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. त्यामुळे विकणारा "नवी एवढ्याची आहे" म्हणून जुना आकडा सांगत असेल, तर आजची किंमत त्याच्यासमोर ठेवा.

कागदांत फारसा फरक नाही. राज्यातलीच गाडी म्हणून रोड टॅक्स पुन्हा भरायचा नसतो. मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, गाडीवर कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरवायचा फॉर्म 35, हे दोन्हीकडे सारखंच. मुंबईकडच्या गाडीला मूळ आरटीओच्या एनओसीचा फेरा वाढतो, माझे त्यात दीड महिना गेले.

मुंबईची गाडी सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. तीन-चार वर्षांची असेल, समुद्रापासून लांब झाकलेल्या पार्किंगमध्ये उभी राहिली असेल, सर्व्हिसची पानं पूर्ण असतील आणि चेकनट सहज फिरला, तर आणा. कमी चाललेल्या इंजिनाचा फायदा खरा आहे. दोन वर्षांत विकायची असेल तरी हरकत नाही. पण सात-आठ वर्षांची घेऊन पुढे पाच वर्षं वापरायची असेल आणि बजेट ओढाताणीचं असेल, तर टप उडालेल्या एमएच 31 ला 25-30 हजार जास्त द्यावे असं मला वाटतं. मागच्या महिन्यात माझ्या गाडीचे पुढचे शॉकअप बदलले. गॅरेजवाल्यानं फोनवर जो आकडा सांगितला तोच बिलावर होता, आणि दुपारच्या जेवणाआधी गाडी दारात आली.