एसीला वाटायचं खोली गार झाली : २८० रुपयांचा सेन्सर, सात महिन्यांनंतर

मालवणजवळ वायरी गावात आमचं चिरेबंदी घर आहे. अंगणाच्या गडग्यापलीकडे माडांची एक रांग आणि तिच्यापलीकडे थेट वाळू. मागची एक खोली पर्यटकांना देतो. तिच्यात दीड टनाचा साधा स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे झालं ते या हवेत कुठल्याही कंपनीच्या एसीला होऊ शकतं. लिहिते आहे ते त्यातल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरबद्दल. गेल्या ऑक्टोबरात तो बदलला आणि आता मे संपत आला.

तक्रार गेल्या वर्षी मे महिन्यात सुरू झाली. एसी २४ वर लावला की आठ-दहा मिनिटं छान चाले, मग बाहेरचा कॉम्प्रेसर टक करून बंद. आतला पंखा चालूच. खोलीत टांगलेला थर्मामीटर ३० दाखवतोय आणि एसी आपला निवांत. पाहुणे घामाघूम. डिस्प्लेवर एररचा कोड म्हणाल तर काही नाही.

मेकॅनिक आला, हात लावून बघितलं आणि म्हणाला, "बाई, गॅस कमी झालो हा. भरूक होयो." गॅस भरला, अडीच हजार गेले. दोन दिवस एसी झकास चालला आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. त्या दोन दिवसांनी मला चांगलंच फसवलं. गॅसने फरक पडला म्हणजे गळतीच असणार, असं मी धरून चालले. पुढे पाऊस लागला, पाहुणे थांबले आणि विषय मागे पडला.

ऑक्टोबरात उकाडा परतला तशी तक्रारही परतली. या वेळी सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी न बघताच एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलावा लागेल म्हणून सांगितलं, साडेचार हजार. तेव्हा मात्र माझं डोकं ठिकाणावर आलं. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ३१ वर्षं काढली, मुलांकडून थर्मिस्टरचा, म्हणजे अशाच तापमानाच्या सेन्सरचा, प्रयोग दरवर्षी करून घेतला, आणि घरातला थर्मिस्टर बघायचं सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर असा लवकर थांबत नाही. उलट राबराब राबतो आणि तरी खोली गार होत नाही. बऱ्याचदा आतल्या कॉइलच्या एका टोकाला बर्फही धरतो. आमचा तर समाधानाने थांबत होता, काम झालं म्हणून. आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. जे पाहुणे आल्या आल्या १८ वर लावायचे त्यांची कधी तक्रारच नसायची, त्यांची खोली २२-२३ पर्यंत यायची. गॅस कमी असता तर १८ वरही रडगाणंच असतं. म्हणजे थंड करण्याची ताकद शाबूत होती, मोजण्यात खोट होती. एसी खोली आहे त्यापेक्षा सहा-सात अंश गार समजत होता.

आतल्या युनिटमध्ये दोन सेन्सर असतात. एक फिल्टरच्या मागे प्लास्टिकच्या क्लिपमध्ये, तो खोलीतून आत येणारी हवा मोजतो. दुसरा तांब्याच्या टोपीचा, कॉइलच्या पाइपला खोचलेला. कॉइलवर बर्फ धरू लागला तर कॉम्प्रेसर थांबवायचं काम त्याच्याकडे. दोन्ही एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढलं की रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो किलोओममध्ये मोजतात) उतरतो आणि गार झालं की चढतो. दुकानदारांच्या भाषेत 'दहा के', 'पाच के', 'वीस के'. दहा के म्हणजे २५ अंशांना १० किलोओम.

सगळ्यात आधी क्लिप बघितली. धुलाईच्या वेळी हवेचा सेन्सर क्लिपमधून निसटून कॉइलला टेकला असेल तर हीच लक्षणं दिसतात आणि दुरुस्ती फुकटात होते. आमचा जागेवर होता. काहींच्या रिमोटवर 'आय फील' किंवा 'फॉलो मी' असं बटण असतं. ते दाबलं की एसी रिमोटमधल्या सेन्सरवर चालतो. तसं केल्यावर एसी शहाण्यासारखा वागला तर हवेच्या सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. आमच्या रिमोटवर हे बटणच नाही, म्हणून रेझिस्टन्स मोजायचा मल्टीमीटर काढला.

एसी रात्रभर बंद ठेवला. सकाळी एमसीबी पाडला, झाकण उघडलं, फोनवर फोटो काढून ठेवला आणि दोन्ही सेन्सरचे प्लग बोर्डावरून सोडवले. रात्रभर बंद असलेल्या एसीत दोन्ही सेन्सर एकाच तापमानाला आलेले असतात, तेव्हा एकाच जातीचे असतील तर आकडाही जवळपास एकच यायला हवा. खोलीत २८ अंश होते. कॉइलचा दाखवत होता ८.८ किलोओम, हवेचा ११.७. (काही मॉडेलमध्ये दोन्ही वेगवेगळ्या किमतीचे असतात, तिथे ही तुलना चालणार नाही.)

खरं तर इथेच नवीन आणून लावता आला असता, पण लॅबची खोड. बर्फाच्या पाण्यात धरला. बर्फ फ्रीजमधलाच घ्यावा, मासळीच्या टोपलीतला नको. त्यात मीठ असू शकतं आणि मग पाणी शून्याच्या खाली जातं. सेन्सर दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळला, म्हणजे ओल शिरून आकडा बिघडत नाही. मीटर २०० के रेंजवर ठेवावा लागतो. २० के वर ठेवलात तर आकडा रेंजबाहेर जाऊन नुसता १ दिसेल आणि चांगला सेन्सर मेला म्हणून फेकून द्याल. दहा के चा सेन्सर शून्याला ३३ च्या आसपास दाखवतो, माझा ३६ च्या जवळ गेला. ४० अंशांच्या कोमट पाण्यात ५.३ हवा होता, आला ८.२.

फरक बघा. गार पाण्यात, खोलीत, कोमट पाण्यात, सगळीकडे साधारण तीनच किलोओम जास्त. सेन्सरचा मणीच, म्हणजे टोकातला तापमान मोजणारा भाग, बिघडला असता तर फरक असा सगळीकडे सारखा आला नसता. म्हणजे मणी ठीक, वायरीच्या वाटेत कुठेतरी तीन किलोओमचा जादा अडथळा बसला होता. प्लगजवळची वायर बोटाने हलवली आणि मीटरवरचा आकडा नाचायला लागला. पिन उपसून काढली तर वायर जिथे पिनेत दाबून बसवलेली असते तिथे हिरवी बुरशीसारखी पुटं. खारं वारं! ही खोली पाहुणे नसताना आम्ही दिवसभर उघडी टाकतो, एका बाजूने दर्याचा वारा शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो. माणसाला बरं, तांब्याला नाही.

तेव्हा मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांचाही उलगडा झाला. मेकॅनिकने पुढचं झाकण काढलं तेव्हा वायरी हलल्या आणि पिन तात्पुरती नीट टेकली. एसी बरा झाला आणि श्रेय गॅसला गेलं. कोड का आला नाही तेही कळलं. वायर पुरती तुटली किंवा शॉर्ट झाली तरच बोर्ड ओरडतं. ३० अंशांना ८ ऐवजी १०.९ किलोओम आले तर बोर्डाच्या लेखी ते २३ अंशांचं अगदी सज्जन रीडिंग आहे, त्याने संशय घ्यावा तरी का?

नवीन जोडी कुडाळहून आणली, २८० रुपये. जुना सेन्सर सोबत न्या, कारण दुकानात पहिला प्रश्न "पाच के की दहा के?" हाच असतो आणि प्लगचे आकारही निराळे. दहा के च्या जागी पाच के बसवला तर बोर्डाला खोली कायम चाळिसाच्या आसपास वाटेल आणि कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेणार नाही.

सात महिन्यांचा हिशोब सांगते. २४ वर लावला की खोली २४-२५ ला येते, कॉम्प्रेसर थांबतो, पुन्हा लागतो. दिवाळी, नाताळ आणि हा मे, तिन्ही हंगामांत पाहुण्यांची एकही तक्रार नाही. आता १८ वर लावला तर खरंच १८ कडे जायला बघतो, त्यामुळे रात्री दुलई मागणारे निघालेत आणि बिल वाढतं ते वेगळंच. २०२० पासून बनलेले एसी सुरू होताना आपोआप २४ दाखवतात, पण पाहुणा कसला ऐकतोय.

खटकलेलं म्हणजे नव्या सेन्सरची वायर मूळच्यापेक्षा चार बोटं आखूड आहे, जेमतेम पोचते. टोकही जुन्या क्लिपमध्ये सैल बसतं, मी बारीक केबल टायने आवळलंय. कॉइलचा सेन्सर गरज नसताना जोडीत घ्यावा लागला, तो डब्यात पडून आहे. प्लग बसवताना पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं आणि वायरीवर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली. हे कंपनीनेच केलं असतं तर किनाऱ्यावरच्या माणसांचे पैसे वाचले असते.

मेकॅनिकवर राग नाही. त्याला सगळे आकडे लिहून दाखवले. त्याने ते फोनमध्ये टिपून घेतले आणि गॅसचे पैसे काही परत दिले नाहीत.

दर दोन महिन्यांनी प्लग सोडवून मोजते. डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल, तिन्ही वेळा थर्मामीटरशी अर्ध्या अंशाच्या आत जुळला. पण हे सगळे कोरडे महिने. जूनमध्ये एकदा मोजीन आणि मग ऑगस्टमध्ये, भिंतींना ओल आलेली असेल तेव्हा. तो आकडा इथेच खाली जोडते.