कूलर चांगला, पण पाणी सोडायचं भोक चुकीच्या जागी: 75 लिटरचा डेझर्ट कूलर, एका अख्ख्या उन्हाळ्यानंतर

मार्चच्या मध्यात घेतलेला हा प्लास्टिक बॉडीचा कूलर. आम्ही नागपूरकर, त्यामुळे मार्च ते मृग सरेपर्यंत तो घरातल्या माणसासारखाच असतो. मे महिन्यात पंप बंद पडला त्याच दिवशी लिहायला बसणार होते. थांबले ते बरं झालं, कारण त्यानंतर मत दोनदा बदललं. आता पाऊस लागलाय, कूलर पुसून झाकून ठेवलाय, तेव्हा सगळं एकदाच सांगते. वॅट किती, झोत किती फूट, हे खोक्यावर छापलेलं असतं. त्यात वेळ घालवत नाही.

आधी आमचा मे कसा होता ते सांगायला हवं, कारण कूलरची परीक्षा त्यातच झाली. मोठी लेक बारावीची आणि नीटची, धाकटा दहावी देऊन मोकळा. 4 मेला नीट, 5 मेला बारावीचा निकाल, 13 मेला दहावीचा निकाल, आणि 26 मेपासून अकरावीची ऑनलाइन नोंदणी, जी 2025 मध्ये पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रात एकत्र झाली. मध्ये मुंबईहून नणंदेची दोन मुलं राहायला. धाकट्याचा सकाळचा क्रिकेट कॅम्प, दुपारी आमरस आणि सरगुंडे, गच्चीवर कुरड्या वाळत घातलेल्या, आणि रात्री हॉलमध्ये चार गाद्या. पूर्वीचा पत्र्याचा कूलर खिडकीत बसवलेला होता. तो गंजला होता आणि ओल्या हाताने शिवला की झिणझिण्या यायच्या. मुलं घरात दिवसभर असणार म्हणून तो काढला, तो निर्णय मला आजही शंभर टक्के बरोबर वाटतो.

पहिला महिना-दीड महिना मी या कूलरचं कौतुकच करत होते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आवाज. कमी स्पीडवर पंख्याची नुसती हलकी घरघर आणि ताट्यांवरून (हवा ज्यांतून आत येते त्या ओल्या जाड जाळ्यांवरून) झिरपणारं पाणी, बस. एप्रिलभर लेक हॉलमधल्या टेबलावर दुपारी दोन ते पाच पेपर सोडवत बसायची, कारण खरा पेपरही त्याच वेळेत असतो. जुन्या कूलरसमोर हे जमलंच नसतं. टेबल झोताच्या समोर नको, बाजूला हवं. समोर असलं की ओएमआर शीट (गोल रंगवायची उत्तरपत्रिका) फडफडते. आम्ही दोन दिवस कडेला मसाल्याचे डबे ठेवून पाहिले, मग टेबलच सरकवलं. झोत डावी-उजवीकडे फिरवायची सोय आहे, ती रात्री चार पोरांच्या गाद्यांसाठी फार कामाची. ती नसती तर समोरच्या गादीवरून रोज भांडण झालं असतं.

मुंबईच्या भाच्याने आल्याआल्या खिडक्या लावून घेतल्या. त्याला एसीची सवय. अर्ध्या तासात हॉल दमट झाला आणि सगळे चिकचिक करायला लागले. कूलर हवा गार करतो ते पाणी हवेत उडवून, तेव्हा ती ओली हवा बाहेर जायला वाट लागते. मागून कोरडी हवा आत, समोरून ओली हवा बाहेर. समोरची खिडकी उघडी नसेल तर कोणत्याही कंपनीचा कूलर घ्या, उपयोग नाही.

आता मुद्द्यावर येते. टाकीच्या मागे पाणी सोडायला रबरी बूच आहे. ते भोक तळाशी नाही, तळापासून दोन बोटं वर आहे. एवढीशी गोष्ट. दुकानात कोणाच्याही लक्षात येणार नाही. पण बूच काढून सगळं पाणी वाहू दिलं तरी आत सात-आठ लिटर उरतंच. आणि पंप कुठे बसतो? नेमका त्या उरलेल्या पाण्यात.

याने काय होतं ते नीट सांगते, कारण पुढचा सगळा त्रास यातूनच आला. ताट्यांवरून उडतं ते शुद्ध पाणी. त्यातले क्षार मागे टाकीतच राहतात. फ्लोटने (पाणी कमी झालं की आपोआप नळ उघडणाऱ्या तरंगत्या गोळ्याने) वरून नवीन पाणी येतं, ते आपले क्षार घेऊन येतं. आमचं बोअरचं पाणी, म्हणजे आधीच जड. 44 अंशांत कूलर दिवसभर चालला की टाकीतलं पाणी दर दिवशी अधिक खारट होत जातं. उपाय एकच: आठवड्याला सगळं पाणी काढून टाकी कोरडी करायची. डासांसाठीही हेच लागतं, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस घेतो, आणि त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी टिकतात. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, भिंती घासायला लागतात. आणि ज्या कूलरची टाकी पूर्ण रिकामीच होत नाही, त्यात हे दोन्ही अर्धवट राहतं. एक इंच तळ वर-खाली करायला कंपनीला साच्यात काय खर्च आला असता?

दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री पंप गेला. पंखा चालू, पण ताट्या कोरड्या, खोलीत नुसती झळ. टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली, 48 तास सांगितले, पाचव्या दिवशी माणूस आला. त्याने जाळी काढली, पंप हातात घेतला आणि म्हणाला, "मॅडम, जाम होऊन राहिला हा. पाणी खारं आहे तुमचं. हे वॉरंटीत नाही बसत." पंपाच्या पंख्याभोवती पांढरा दगडासारखा थर जमला होता, नखाने निघत नव्हता. मी वॉरंटी कार्ड पुढे ठेवलं. पंपाला एक वर्ष असं लिहिलंय, जड पाण्याचा शब्द नाही. मग मी त्याला बूच काढायला लावलं आणि उरलेलं पाणी दाखवलं. म्हटलं, दादा, हे पाणी मी कसं काढू ते तुम्हीच सांगा. तो बिचारा काय सांगणार. त्याने व्हिजिट चार्ज मागितला, मी दिला नाही, आणि वरिष्ठांशी बोलणं लावून मागितलं. तिथे माझा राग खरोखर अनावर झाला. घरात चार मुलं, बाहेर ऊन मरणाचं, आणि समोरचा माणूस मला "मिनरल वॉटर" वापरायचा सल्ला देतोय.

शेवटी बाजारातल्या कूलरवाल्याकडून साडेतीनशेचा पंप आणला, धाकट्याने प्लग काढून दहा मिनिटांत बसवला. तेव्हा मनात ठरवलं होतं की या कूलरला एकही तारा द्यायचा नाही.

मग मेच्या उत्तरार्धात अवकाळी सुरू झाला आणि मत आणखी खाली गेलं. ढग, सर, परत ऊन. हवा दमट असली की कूलर गार करू शकत नाही, त्याला इलाज नाही. हिशेब असा: 44 अंश आणि कोरडी हवा असेल तर कूलरसमोर साधारण 28-29 मिळतं, 36 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर 31 च्या खाली येणं कठीण, शिवाय अंगाला चिकटतं ते वेगळंच. 25 मेला नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि त्याच दिवशी मान्सून तळकोकणात पोहोचला. अशा दिवसांत पंपाचं बटण बंद ठेवून नुसता पंखा लावा. हे कळल्यावर जरा सुख झालं. हा दोष कूलरचा नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

मत पुन्हा वर आलं ते दोन कारणांनी. एक, वीजबिल. कूलर 190 वॅटचा. 16 तास चालला तरी दिवसाला 3 युनिट. महावितरणच्या बिलात 100 नंतर आणि मग 300 नंतर युनिटचा दर चढतो, आणि दीड टनाचा एसी जोरात असला की दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. चार मुलं, मिक्सर, फ्रिज, चार्जर धरूनही आमचं मेचं बिल 300 युनिटच्या आत राहिलं. लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर तो चालतो. नीटच्या आदल्या रात्री लाइट गेली होती, लेक झोपेतून उठलीसुद्धा नाही. त्या एका रात्रीसाठी मी या कूलरचे खूप आभार मानते.

दुसरं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा फोन आला आणि लेखी तक्रारीवर त्यांनी नवा पंप फुकट पाठवला. तो जपून ठेवलाय.

टाकी रिकामी करायची आमची पद्धत सांगते, कोणाकडे असाच कूलर असेल तर उपयोगी पडेल. रविवारी सकाळी आधी प्लग काढायचा. बूच काढून वाहील तेवढं वाहू द्यायचं. मग दोघांनी पुढची चाकं उचलून खाली लाकडी पाट सरकवायचा, म्हणजे उरलेलं पाणी मागे भोकाकडे येतं. भरलेल्या टाकीने हे करू नका, 75 लिटर म्हणजे 75 किलो. शेवटचा तांब्याभर स्पंजने टिपायचा, भिंती घासायच्या, पंपाची जाळी व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवायची. मोठ्या भाच्याने आणि धाकट्याने हे काम मे संपेपर्यंत स्वतःहून केलं. निघालेलं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार असतात. आम्ही ते अंगण धुवायला वापरलं. पाट लावायला लागल्यापासून बाजारचा तो पंप एकदाही अडकला नाही.

पाचपैकी साडेतीन. ज्यांच्याकडे नळाचं गोड पाणी आहे त्यांनी बिनधास्त घ्यावा. बोअर किंवा टँकरवाल्यांनी दुकानात मागचं बूच काढायला लावावं, आत बोट घालून भोक आणि तळ यांत किती अंतर आहे ते बघावं, आणि दोन बोटं किंवा त्याहून जास्त लागलं तर दुसरा कूलर दाखवा म्हणावं.