लिव्हर आहे, लो नाही: जुनी फोर-बाय-फोर जीप घेताना

साताऱ्यात एक जुनी जीप 'फोर-बाय-फोर चालू, फुल कंडिशन' म्हणून विकली गेली. ट्रायल दिली सपाट मैदानात. लो (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकल्यावर विकणाऱ्याने गुडघा लिव्हरला टेकवून ठेवला होता, ते घेणाऱ्याच्या नंतर लक्षात आलं. पहिल्याच कच्च्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि खाडकन लो सुटला. इंजिनची गाडी रोखून धरणारी ओढ गेली, जीप मोकळी धावली. ब्रेक लागले म्हणून निभावलं.

ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी, हाय-लो बदलणारी गिअरपेटी) उघडल्यावर लो गिअरचे दात गोल झालेले. आवाज दाबायला घट्ट ऑइलमध्ये भुसा.

त्याहून महागात पडलं क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टचे फेरे कमी करून चाकांना देणारी अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी. मागे ८:४३ दातांचं, म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे तेव्हा चाकांचा एक, पुढे दुसऱ्या गाडीचं ८:३९, म्हणजे ४.८८. शाफ्ट एकाच वेगाने फिरले तर पुढची चाकं दहा टक्के जास्त पळू बघतात. चिखलात ती घसरून जागा करून घेतात, म्हणून मैदानात काही कळलं नाही. कडक जमिनीवर मात्र सगळा ताण ट्रान्सफर केस आणि क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या सांध्यावर. लिव्हर अडकणं, टायर खाणं, शेवटी क्रॉस तुटणं, हे ठरलेलंच.

विसार देण्याआधी जॅक मागा. ट्रान्सफर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, बाकी चाकांना दगड. मागचं एकच चाक उचलून दोन पूर्ण फेरे फिरवा (दुसरं चाक थांबलेलं असतं, म्हणून एकाऐवजी दोन) आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाचाच्या थोडे आत आले तर ४.८८, पाच आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त आले तर ५.३८. पुढेही तेच, पण हब लॉक करून, म्हणजे चाक अ‍ॅक्सलला जोडून. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. शाफ्टला खडूची खूण केली की मोजणं चुकत नाही.

मग फर्स्ट गिअरमध्ये आयडलवर दहा मीटर चालवा, आधी हाय, मग लो. लोला जवळजवळ अडीचपट वेळ लागायला हवा. उतारावर हात-गुडघा दोन्ही लिव्हरपासून दूर. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या डांबरी घाटात हे नको, वळणावर फोर-बाय-फोर आवळतं. कच्चा उतार शोधा.

ट्रान्सफरचा ड्रेन प्लग काढून ऑइल बोटांवर चोळा. कचकच लागली किंवा चमकणारा कीस दिसला तर भाव करत बसू नका.

आरसीवर टू-व्हील मॉडेल आणि खाली पुढचा अ‍ॅक्सल बसवलेला असेल तर तो मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीतल्या फेरफाराचा मामला आहे. एमएच-११ (सातारा) असो वा एमएच-१० (सांगली), तो निस्तरायचा नव्या मालकानेच.