सात नंबरचा रबरी बास्केटबॉल : नव्या पॉइंट गार्डसाठी कसा?

दुसऱ्या कॉलेजातून आलेला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा खेळाडू, आपल्या संघात बसेल का, हे बेळगावात आधी चेंडू सांगतो. लाकडी कोर्टावर कंपोझिट (कृत्रिम चामड्याच्या) चेंडूने घडलेला हात इथल्या सिमेंटवर सुरुवातीला चाचपडतोच. म्हणून सरावाला रबरीच घ्यावा, असं माझं ठाम मत.

हवेचा आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो, बहुधा ७ ते ९ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). सिमेंटला ७ पुरे. जास्त भरली की ड्रिबल, म्हणजे आपटत नेलेला चेंडू, कमरेच्या वर जातो आणि बचावपटू नेमका तिथेच हात घालतो. सुई ओली करूनच घाला. कोरडी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू रातोरात बसतो. तांबडी धूळ खोबणीत साचली की पकड जाते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात रबर तडकतं. कंपोझिट पाणी पितो, जड होतो. आपल्या पावसाळ्यात रबरीच टिकतो.

आता खेळाडूची पारख. समोर फुल कोर्ट प्रेस (कोर्टभर अंगावर येणारा बचाव) लावा आणि ८ सेकंदांत कोर्टाची मधली रेषा ओलांडायला सांगा, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या. चेंडू पायावर आदळून निसटला तर उसळीची सवय नाही, ती होईल. पण नजर चेंडूवरच खिळली आणि बास्केटकडे धावणारा साथीदार दिसलाच नाही, तर दोष चेंडूचा नव्हे.

सामने कंपोझिटवर असतील तर आधीचा आठवडा त्यावरच सराव हवा. मुलींच्या संघाला सहा नंबरचा घ्या.