बिलावर ‘सागवान फर्स्ट’ होतं, कडीच्या पोटात गाठ होती

नागपुरात महालातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीच्या लाकडी कड्या गेल्या वर्षी बदलल्या. बाबा ७८ वर्षांचे, वरच झोपतात, खोली सोडायला तयार नाहीत. इंजिनिअर मित्राने हिशेब करून कागदावर लिहून दिलं: सागवान, ग्रेड वन, वाळलेलं, ३ बाय ५ इंच, १० फूट लांब, १६ कड्या.

लकडगंजात दोन-तीन ठिकाणी भाव काढले आणि शेवटी शहरातल्या एका वखारीत गेलो. मालकाने कागद धड वाचलाही नाही. "भाऊ, बल्लारशाचा माल आहे, फर्स्ट क्वालिटी. डोळे मिटून न्या." बल्लारशाचं सागवान अयोध्येच्या मंदिराला गेलं, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. त्या नावावर माझा विश्वास बसला. घनफुटाला ४,२०० रुपये, पावणेसतरा घनफुटांच्या आसपास माल, ७० हजार मोजले. हातात कच्चं बिल, त्यावर दोनच शब्द: ‘सागवान फर्स्ट’.

श्रावणात एका रात्री माडीवरून काडकन आवाज आला. बाबांच्या पलंगाखालची कडी मधोमध चिरली होती. पलंग भिंतीकडे होता म्हणून निभावलं. ती रात्र आम्ही सगळ्यांनी खालच्या खोलीत बसून काढली.

सकाळी मिस्त्रीकाकांनी कडी उतरवून अंगणात उलटी ठेवली. खालच्या अंगाला, बरोबर मध्यावर, रंग जरा वेगळा दिसत होता. त्यांनी तिथे पटाशी टेकवली, तर भुसा आणि सरस कालवून भरलेला लगदा खपलीसारखा निघाला. आत दीड इंची मेलेली गाठ, काळी पडलेली, बोटाने हलत होती. वरून तेल फिरवलेलं, त्यामुळे वखारीत काहीच कळलं नव्हतं. "बाबू, गाठ असते लाकडात," काका म्हणाले, "पण ही पोटाला, मधात नको."

त्याचं कारण मित्राने सांगितलं. वजन पडलं की कडीचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, मध्यावर सगळ्यात जास्त. गाठीभोवती लाकडाच्या रेषा वळसा घेतात, म्हणून ताण आला की कडी तिथेच फाटते. ग्रेड ठरवताना हेच बघतात: गाठ केवढी, कुठे, भेगा किती, रेषा किती तिरक्या. ग्रेड वनमध्ये १५ इंचांत १ इंचापर्यंत तिरकेपणा चालतो, ग्रेड टूमध्ये १२ इंचांत १. आमच्या कडीची भेग रेषांच्या वाटेनेच गेली होती. मोजली, तर ७ इंचांत १ इंच उतरलेली.

‘फर्स्ट’ हा बाजाराचा शब्द. त्यात रंग, सरळपणा, दिसणं येतं. भार किती पेलेल ते त्यात येत नाही. आयएस ८८३ या भारतीय मानकात बांधकामाच्या लाकडाचे दर्जे सिलेक्ट, ग्रेड वन आणि ग्रेड टू असे आहेत. ग्रेड वनची ताकद १ धरली, तर सिलेक्टची १.१६ आणि ग्रेड टूची ०.८४. म्हणजे एकाच झाडाच्या दोन कड्यांतही एवढा फरक पडतो.

मग मापं घेतली. ३ बाय ५ च्या जागी पावणेतीन बाय साडेचार! "आऱ्यात जातं तेवढं," असं वखारवाला फोनवर म्हणाला. पण आऱ्यात गेलेल्याचेही पैसे माझ्याकडून घेतले होते: जवळजवळ ३ घनफूट, १२ हजारांवर. कडीची ताकद रुंदी गुणिले उंचीच्या वर्गावर चालते. एवढ्याशा फरकाने ती तीन चतुर्थांशाच्याही खाली आली. त्यावर ग्रेड टू धरला, तर मित्राने मोजली होती त्याच्या ६२ टक्केच उरली. आणि ही गाठवाली तर ग्रेड टूमध्येही बसत नव्हती.

ओलाव्याचं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. एप्रिलमध्ये कड्या गाडीतून उतरवताना दोघादोघांना उचलाव्या लागल्या, आणि "जड म्हणजे ठोस," या वखारवाल्याच्या बोलण्यावर मी मान डोलावली. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतं. ही कडी पुऱ्या एका घनफुटाचीही नव्हती, तरी तेव्हा काट्यावर २४ किलो भरली होती. ओलं लाकूड मे अखेरच्या नवतपाच्या उन्हात झपाट्याने वाळलं. चार कड्यांना पीळ पडला, सहांना टोकाला भेगा गेल्या.

ग्राहक आयोगात जाईन म्हटल्यावर मापाचे १२ हजार परत मिळाले. ग्रेडचं विचारलं तर वखारवाला म्हणाला, "बिलात कुठं लिहिलंय?" खरंच कुठे लिहिलं नव्हतं.

नव्या कड्या दुसरीकडून घेतल्या. टेम्पोतून उतरवायच्या आधी मिस्त्रीकाका आणि मी प्रत्येक कडी चारही अंगांनी फिरवली, टेप लावला, खालच्या अंगाला पटाशीने खरवडून पाहिलं. त्यातल्या ३ तिथूनच परत पाठवल्या. पक्क्या बिलावर लिहून घेतलं: सागवान, ग्रेड वन, रंधून ३ बाय ५, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, सोबत वनविभागाच्या वाहतूक परवान्याची प्रत. तो दुकानदार एवढं लिहायला दहा मिनिटं कुरकुरला, पण त्याने लिहून दिलं.