गंजलेली डॅटसन आणि मिरकरवाड्याचं बोटींच्या रंगाचं दुकान

रिव्ह्यू बोटींच्या रंगाच्या दुकानाचा आहे आणि लिहितोय गाडीवाला, पण कोकणात जुनी गाडी घरी रिस्टोअर करणाऱ्याने गाड्यांच्या पेंटच्या दुकानात शिरायच्या आधी एकदा बंदरावर जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. रत्नागिरीत मिरकरवाड्याला उतरताना जाळी, दोरखंड, फ्लोट विकणाऱ्यांची दुकानं आहेत त्यातच हे एक, बाहेर डबे रचलेले आणि आत थिनरचा वास. पाटी उन्हाने उडालीये, नाव वाचता येत नाही, बोटीच्या रंगवाले चाचा म्हणून विचारा, कोणीही दाखवेल.

माझी गाडी १९७२ ची डॅटसन २४० झेड. बाबांचे आतेभाऊ मोम्बासाला होते त्यांनी परत येताना जहाजातून आणलेली. तिकडे या गाडीला फार मान होता, १९७१ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली हिने मारली आणि १९७३ ला परत मारली, तेव्हा चालवायला शेखर मेहता होते, युगांडात जन्मलेले आपले भारतीय वंशाचे. काका ती गोष्ट इतक्या वेळा सांगायचे की मला लहानपणी वाटायचं आमच्याच गाडीने रॅली जिंकली. सहा सिलिंडर एका ओळीत, २३९३ सीसी, दोन कार्बोरेटर, लांबच लांब बॉनेट. इंजिन कास्ट आयर्न ब्लॉकचं, ते एवढी वर्षं बंद राहूनही हाताने फिरलं, त्याबद्दल परत कधीतरी. प्रॉब्लेम पत्र्याचा आहे. ही गाडी कोरड्या हवेतसुद्धा गंजते अशी तिची ख्याती आणि आमची तर वीस वर्षांवर मांगरात, म्हणजे वाडीतल्या शेडमध्ये उभी, भाट्याच्या पुढे, समुद्र एवढा जवळ की रात्री गाज ऐकू येते.

कुठे कुठे गंजून गेली होती ते सांगतो म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांना बघता येईल. बॅटरीच्या ट्रेखाली, दोन्ही फ्लोअर, फ्लोअरखालच्या रेल, स्पेअर चाकाचा खड्डा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॉगलेग, म्हणजे दाराच्या मागे मागच्या चाकाच्या पुढे खाली जो तुकडा येतो तो. तिथे आतल्या बाजूला माती आणि पानं साठतात, ओल धरते आणि पत्रा आतून बाहेर कुजतो, बाहेर फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

पहिल्यांदा मी गाडी एका गॅरेजला दिलेली. त्यांनी वरवर घासलं, पुट्टी भरली, रेड ऑक्साइड मारलं, वर रंग. गाडी घरी आली तेव्हा आईने नारळ फोडला. दुसऱ्या पावसाळ्यात डॉगलेगवर बोटाएवढे फोड आले, मी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत गेला आणि पुट्टीचा अख्खा तुकडा हातात आला, मागची बाजू तपकिरी आणि ओली. त्या दिवशी ठरवलं की आता जे करायचं ते घरी, आपल्या हाताने.

चाचांकडे मी गेलो होतो फक्त एक डबा इपॉक्सी प्रायमर घ्यायला, कारण शेजारच्या ट्रॉलरवाल्याने सांगितलं की लोखंडी भागांना ते तोच लावतात. चाचांनी डबा काढलाच नाही. मोबाईलवर फोटो बघितले, झूम करून बघितले आणि विचारलं, "मीठ धुवलंस काय?" मी म्हटलं चाचा ग्राइंडरला वायर व्हील लावून चकाचक केलंय. तर म्हणाले, "ते चकाकतंय ते वरचं. खड्ड्यात मीठ तसंच. रात्री उघडं ठेव नि सकाळी बघ." आणि मला परत पाठवलं, काही न विकता.

तसंच झालं. सकाळी टॉर्च घेऊन फ्लोअरखाली गेलो तर जिथे जिथे पिटिंग, म्हणजे गंजाने पडलेले बारीक खड्डे होते तिथे प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी बारीक तपकिरी थेंब उभे होते, कपाळावर घाम येतो ना तसे, आणि बाजूचा पत्रा मात्र कोरडा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, खड्ड्यात लोखंडाचं क्लोराइड तयार होतं आणि वरून तुम्ही कितीही भारी रंग मारा, खाली गंजणं चालूच राहतं. माझ्या आधीच्या कामाचं नेमकं हेच झालं होतं आणि ते मला दुसऱ्या कोणीच सांगितलं नव्हतं.

मग धुवायचं कशाने हा प्रश्न. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. माझा मित्र कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्याने सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली दिली, क्लोराइड असलं की पाणी दुधासारखं होतं, आपण सगळ्यांनी शाळा-कॉलेजात केलेली टेस्ट. विहिरीच्या पाण्यात एक थेंब टाकला आणि लगेच पांढरं! म्हणजे मी मीठ धुवायला मीठच घालणार होतो. चाचांना सांगितलं तर ते लगेच बोलले, "पागोळीचं पाणी धरून ठेव." जूनच्या पहिल्या दोन-तीन सरी कौलांवरची धूळ जायला सोडून दिल्या आणि मग पागोळीखाली झाकणाची तीन ड्रम भरून घेतली. त्या पाण्यात थेंब टाकला तर जेमतेम धूसर. शेवटच्या हाताला इन्व्हर्टरसाठी मिळतं ते बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर वापरलं. (सिल्व्हर नायट्रेटला हातमोजे घाला, कातडीवर काळे डाग पडतात ते कित्येक दिवस जात नाहीत.)

गरम पाणी, नायलॉन ब्रश, घासायचं, हीट गनने कोरडं करायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी कापूस बॅटरीच्या पाण्यात भिजवून खड्ड्यावर दाबायचा, पिळायचा आणि टेस्ट करायची. डॉगलेगच्या आतल्या बाजूला पाच वेळा धुवायला लागलं तेव्हा कुठे थेंब स्वच्छ राहिला. त्यानंतर जे भोकं पडलेलं होतं ते कापून काढलं आणि २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वेल्ड केला, ते काम भावाने केलं, त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर.

ऑक्टोबरात परत दुकानात गेलो. मी वाचून गेलो होतो की झिंक रिच प्रायमर, म्हणजे जस्ताची पूड भरलेला, सगळ्यात बेस्ट, तोच मागितला, महाग असतो, चाचांना विकायला काहीच हरकत नव्हती. पण नाही दिला. म्हणाले झिंक काम करतं ते लोखंडाला थेट टेकलं तर, त्याला सँडब्लास्टिंग केलेला पांढरा पत्रा पाहिजे, तू हाताने घासलेला आहेस आणि काही ठिकाणी रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं ॲसिडवालं रसायन) लावलायस, त्यावर झिंकचा काही उपयोग नाही. त्याऐवजी झिंक फॉस्फेटवाला टू-पॅक इपॉक्सी दिला, स्वस्तातला. आणि जिथे कन्व्हर्टर लावलाय तिथला उरलेला ॲसिड धुवून काढायला बजावलं, नाहीतर इपॉक्सी धरत नाही. असा दुकानदार मला तरी दुसरा भेटला नाहीये.

आता मालाबद्दल. एक डबा बेस, एक हार्डनर, डब्यावरच्या प्रमाणात मिसळायचं, वीस-तीस मिनिटं थांबायचं आणि मगच लावायला घ्यायचं. ब्रशने लावला मी, स्प्रे नाही, बोटवाले पण पहिला हात ब्रशनेच देतात कारण खड्ड्यात घुसतो. दोन हातांनंतर वेल्डच्या कडा अशा झाकल्या गेल्या की नखाने खरवडून निघत नाही. साध्या सिंगल पॅक रेड ऑक्साइडशी याची तुलनाच नको, ते ओल आत जाऊ देतं. हवेकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली पाहिजे आणि पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा निदान ३ डिग्री गरम पाहिजे. आपल्याकडे सकाळी पत्र्यावर दव असतं, हात फिरवला की कळतं, म्हणून मी दहानंतर सुरू करायचो आणि चारच्या आत ब्रश धुवायचो. हे पण चाचांनीच सांगितलेलं, त्यांच्या भाषेत, "लोखंड गार असताना हात लावू नको."

त्रास काय झाला तेही लिहितो. माल सुटा मिळत नाही, चार लिटरचाच सेट घ्यावा लागतो आणि एका गाडीला तेवढा लागत नाही. मी पहिल्या दिवशी एकदम एक लिटर मिसळला, ऑक्टोबरची उष्णता, अर्धा वापरेपर्यंत डबा हाताला चटका लागेल एवढा तापला आणि उरलेला दगड झाला, वाईट वाटलं. नंतर किचनमधला वजनकाटा घेऊन पाव पाव लिटरने मिसळायला लागलो, डब्यावर प्रमाण आकारमानाचं असतं, त्यामुळे वजनाचं प्रमाण डेटा शीटमधून घ्या. थिनर इपॉक्सीचाच घ्या, एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरने माल फाटतो. रंगात राखाडी आणि लालसर एवढंच, आणि इपॉक्सी उन्हात पिठूळ होतो त्यामुळे बाहेरून वर पीयू (पॉलियुरेथेन) टॉपकोट लागणारच, तो गाडीच्या शेडमध्ये इथे मिळणार नाही, त्यासाठी शहरातल्या पेंटवाल्याकडे जावं लागलं. डेटा शीट फक्त इंग्रजीत आहे. रेल आणि सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) पोकळ्यांत सोडायला कॅव्हिटी वॅक्स पण इथे नाही, तो मी ऑनलाइन मागवला. मास्क चांगला घ्या, नुसता रुमाल बांधून हे काम करू नका.

अख्खा एक पावसाळा झालाय यावर. सप्टेंबरात फ्लोअरचे रबर प्लग काढून आत बोट घातलं, कोरडं. डॉगलेग टॉर्च लावून बघितले, वॅक्स जसाच्या तसा, दोन्ही बाजू स्वच्छ. फक्त बॅटरी ट्रेच्या खालच्या जोडावर मुगाएवढे तीन फोड आलेत, तिथे ब्रश पोचत नव्हता आणि मी तीनदाच धुतलं होतं. फोटो चाचांना दाखवला, ते म्हणाले परत उघड, परत धुव, मग ये.

जायचं असेल तर सकाळी जा, शुक्रवारी दुपारी नमाजला दुकान बंद असतं. जुलैत जाऊ नका, पावसाळी बंदी उठायच्या आधी सगळ्या बोटी रंगायला निघतात, चाचांना बोलायला वेळ नसतो आणि हार्डनर संपलेला असतो. गाडीचे फोटो जवळून काढलेले न्या, खड्डे दिसतील असे.