स्टिकरवर सीआरआय ९७, खाली भलतंच

दिवाळीच्या आधी माझ्या २२ ऑइल पेंटिंगचे फोटो काढायचे होते, कॅटलॉग छापायचा होता. फोटोग्राफरचा आकडा ऐकून म्हटलं राहू दे, कॅमेरा आहेच, फक्त लाइट घेऊ. पुण्यातल्या एका दुकानातून दोन एलईडी पॅनल घेतले, जोडी १४ हजारांना. दुकानदार लई गोडबोल्या, "साहेब सीआरआय ९७ आहे, म्युझियमवाले हेच नेतात." सीआरआय म्हणजे लाइटखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल, कशाला उगाच. मीपण नंदीबैलासारखी मान हलवली.

कोल्हापूरला आल्यावर सगळं शिस्तीत केलं, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात लाइट, खिडक्यांना काळे पडदे, ग्रे कार्डवर (राखाडी पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचे रंग जुळवून घेतले, वॉर्निशची चमक मारायला लाइटवर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर. चमक गेली, पण आत्याच्या पोर्ट्रेटमधलं लाल लुगडं विटकरी यायला लागलं. कॅडमियम रेडची अख्खी ट्यूब पिळलीय मी त्या लुगड्यावर! तीन रात्री मॉनिटरला शिव्या घातल्या, राखाडी तर बरोबर येतोय मग लालच कुठं जातोय. आत्याला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "माझं लुगडं कधी रे विटलं?"

मग पेंटिंग अंगणात सावलीत नेलं, परत लाइटखाली आणलं. नुसत्या डोळ्यांनाच फरक दिसला. पॅनलमागचा स्टिकर नखाने खरवडला तर खाली दुसरा स्टिकर, त्यावर सीआरआय ८०.

आणि खरा ९० च्या वरचा असला तरी पूर्ण भरवसा नको, कारण तो आकडा ८ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत. त्याचा आकडा वेगळा, आर९. तो किती ते विचारा, दुकानदार गोंधळला तर तिथूनच परत फिरा. पैसे द्यायच्या आधी मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये लाइटचा व्हिडिओ काढा, पट्टे किंवा लुकलुक दिसली तर माल हलका.

दुकानदाराला फोन केला तर "तुमचा कॅमेरा जुना असेल," दुसऱ्यांदा केला तर ब्लॉक. बिलच नाही, तर ग्राहक आयोगात काय दाखवणार, डोंबल?

शेवटी ढगाळ दिवस बघून सगळे फोटो अंगणातच काढले. पॅनल आता गोठ्यात आहेत, म्हशींची काही तक्रार नाही.